आयआयएमच्या शिक्क्याशिवाय आयपीओच्या धंद्यात

सोलापूरला बी.कॉम. केलं, पुण्यात एमबीए. कॉलेज असं, की कॅम्पसला विम्याच्या आणि कर्जवाटपाच्या सेल्ससाठीच कंपन्या यायच्या. आज मी मुंबईत आयपीओची कामं करतो. ‘यात शिरायचं कसं?’ असं गावाकडची पोरं विचारतात, त्यांना मी हे सांगतो.

१. मोठ्या परदेशी बँका फ्रेशर घेतात ते बहुतेक नामांकित कॅम्पसमधून, नाहीतर चांगल्या रँकचे सीए. त्यांच्या पोर्टलवर अर्ज टाकत वर्ष घालवू नका. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मर्चंट बँकरांची, म्हणजे आयपीओ आणणाऱ्या पेढ्यांची, यादी आहे. त्यातल्या कित्येक पेढ्या छोट्या आहेत. बीएसई आणि एनएसईचे एसएमई (छोट्या-मध्यम कंपन्यांचे) प्लॅटफॉर्म २०१२मध्ये सुरू झाले. इश्यूनंतर २५ कोटींपर्यंत भरणा भांडवल असलेल्या कंपन्या तिथे येतात. छोट्या पेढ्यांची चूल यावरच पेटते. माणसं कमी, त्यामुळे नवख्यालाही प्रूफ तपासण्यापासून एक्स्चेंजच्या शंकांना उत्तरं लिहिण्यापर्यंत सगळं करावं लागतं.

२. डीआरएचपी, म्हणजे आयपीओआधी कंपनी दाखल करते तो मसुदा दस्तऐवज, वाचा. फुकट मिळतो, पण चारपाचशे पानांचा म्हणून कोणी हात लावत नाही. कंपनी निवडताना घरात ज्या धंद्याची माहिती आहे तोच घ्या. सोलापूरकर असाल तर टॉवेल-चादरीचा घ्या. विक्रीपेक्षा येणी जास्त वेगाने का वाढली? उभारलेला पैसा नेमका कशावर खर्च होणार? मग त्याच कंपनीचा नंतरचा आरएचपी (मसुद्यानंतरचा सुधारित दस्तऐवज) शेजारी ठेवा आणि काय बदललं, कोणती जोखीम नव्याने आली, त्यावर खुणा करा. नियामकाने कुठे बोट ठेवलं असेल याचा अंदाज तिथे येतो. अशा खुणा केलेली प्रिंट घेऊन मी मुलाखतीला गेलो होतो. कॉलेजचं नाव नंतर कोणी काढलं नाही.

३. एक्सेल यायलाच हवं. नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो एकमेकांना जोडता आले पाहिजेत आणि ताळेबंद जुळला पाहिजे.

४. सेबीच्या एनआयएसएम संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा देऊन टाका. सीएफएची पहिली लेव्हलही चांगली. पण तिने बायोडेटा वाचला जातो, नोकरी मिळत नाही. क्लासवाले वेगळं सांगतील.

५. आपली बोली लपवू नका. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीच्या ड्यू डिलिजन्सला, म्हणजे आयपीओआधीच्या तपासणीला, गेलो होतो. वरिष्ठ सहकारी इंग्रजी प्रश्नावली घेऊन बसले होते. मालक प्रत्येक प्रश्नाला ‘यस सर’ म्हणत होते, आणि कागदावर सगळं आलबेल. जेवणानंतर मी मालकांबरोबर कारखान्यात फेरी मारली. मागच्या बाजूला एका शेडमध्ये ओतकामाचे पॅटर्न रचून ठेवलेले. ‘काका, ही शेड कंपनीचीच ना?’

‘छे हो, ती घरच्यांच्या नावावर हाय. भाडं कसलं घेतंय ती?’

प्रवर्तकाच्या पत्नीची जागा, करार नाही, भाडं नाही! त्यांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही रीतसर भाडेकरार करायला लावला, संबंधित व्यक्तींशी असलेल्या व्यवहारांत तो दाखवला, आणि जोखमींच्या यादीत एक परिच्छेद वाढला. महाराष्ट्रातल्या एमआयडीसींमध्ये असे काका पुष्कळ आहेत. त्यांना बोलतं करणं फायनान्शियल मॉडेलिंगच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

६. सुरुवातीचा पगार बेताचाच. डोंबिवलीत पार्टनरशिपमध्ये खोली, आणि फायलिंगच्या आदल्या रात्री शेवटची लोकल चुकणार हे धरून चाला. दोन-तीन इश्यू हातून गेले की मोठ्या पेढ्या विचारू लागतात.

७. ऑफर आली तरी लगेच होकार देऊ नका. सेबीच्या साइटवर कारवाईचे आदेश असतात. त्यात त्या पेढीचं नाव शोधा. तिने आणलेले जुने इश्यू आज कोणत्या भावाला आहेत, त्या कंपन्यांच्या ऑडिटरने मध्येच राजीनामा दिलाय का, तेही बघा. ऑफर दस्तऐवजाच्या मुखपृष्ठावर मर्चंट बँकरच्या संपर्क व्यक्तीचं नाव छापतात, आणि छोट्या पेढीत ती पाळी तुमच्यावर लवकर येते.