पश्चात्तापातला ताप

बपेरा, जि. भंडारा

चि. भाचीस,

नव्या करारात ‘पश्चात्ताप’ वाचलं की डोळ्यांपुढे रडणारा माणूस उभा राहतो, यात तुझी चूक नाही. शब्दच तसा आहे: पश्चात् म्हणजे मागून, ताप म्हणजे होरपळ. पण मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’. त्यातला ‘नूस’ म्हणजे मन, बुद्धी; ‘मेटा’ तिचा पालट सुचवतो. होरपळ त्याच्या घडणीत कुठेच नाही. आता कुणी म्हणेल, फोड करून अर्थ ठरत नाही, वापरावरून ठरतो. अगदी खरं. म्हणून वापरच बघ. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान मेटानोइयाला साजेशी फळं मागतो. लोक विचारतात, मग आम्ही करावं तरी काय? तो कुणालाही रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायानं कुणाला लुबाडू नये. आपल्या धानाच्या मुलखात सांगायचं तर, शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी बोटबोट कोरून आपली बांधी वाढवणाऱ्यानं प्रार्थनेत डोळे पुसले, तर तो नुसता ताप. रोवणीआधी त्यानं धुरा जुन्या जागी नेऊन घातला, तर ती मेटानोइया.

मग दुःखाला जागाच नाही का? आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, योनाच्या पुस्तकात, देव आपला बेत फिरवतो तिथे याच शब्दाचं क्रियापद येतं आणि त्याला हळहळीची छटा आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच कथेत निनवे शहराचे लोक गोणपाट नेसतात, उपास करतात, आणि देव पाहतो ते त्यांचं वाईट वाटेवरून मागे फिरणं. येशू त्यालाच मेटानोइया म्हणतो (मत्तय 12:41). पौल तर करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (7:10) सांगतो की देवाला रुचणारं दुःख मेटानोइया घडवतं. दोन्ही एकच असती तर या वाक्यात काही अर्थच उरला नसता.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. मुळापर्यंत जाण्याचे ते कष्ट आपण निदान एका शब्दापुरते तरी घ्यावेत. रुळलेला मराठी शब्द टाकून दे असं मी म्हणत नाही. रविवारी मुलांना शिकवताना ‘पश्चात्ताप’ आला, की लूक 3:10 ते 14 एवढं त्याला जोडून वाचून दाखव.

तुझा मामा