साठीनंतर मोडी शिकताना

प्रश्न : मी निवृत्त तलाठी, वय ६१. वर्षभर मोडी लिपी शिकतोय. पुस्तकात सगळं समजतं, पण जुना दस्त समोर आला की अक्षरं ओळखू येत नाहीत. माझी स्मरणशक्तीच कमजोर आहे का? शिकणं सोडावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच सोडू नका. तुम्ही लिहिता त्यावरून दोष स्मरणशक्तीचा नव्हे, पद्धतीचा वाटतो. पुन:पुन्हा वाचलेलं ओळखीचं होतं आणि ते आपल्याला येतं असा भास होतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर फेरवाचन करणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. शिवाय मोडीत शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हातागणिक वळण वेगळं. तिथे तरुणही अडखळतात.

तुमची जमेची बाजू मोठी आहे. खरेदीखत, चतुःसीमा, फेरफार ही भाषा तुमच्या अंगवळणी पडलेली. दोन अक्षरं लागली की तिसऱ्याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. लिप्यंतर छापलेला एखादा दस्त घ्या, लिप्यंतर झाका, रोज चार-पाच ओळी स्वतः लावा, मग ताडून पाहा. चुकलेली अक्षरं वहीत टिपून दोन-तीन दिवसांनी पुन्हा लिहा. नेमकं कुठे अडतं ते ही वहीच सांगेल.

अंदाज मात्र पडताळल्याशिवाय कायम करू नका. जमिनीच्या कामाचा दस्त असेल तर जाणकार मोडी वाचकाकडून तपासून घ्या. आणि नेहमीचे रस्ते किंवा घरचे हिशेबही विसरू लागलात, तर डॉक्टरांना जरूर भेटा.