दोन हजारांत घरचा फोटो-स्टुडिओ

माझ्या मोठ्या जाऊबाई येवल्याहून पैठण्या आणून घरातूनच विकतात. एका दिवाळीत त्यांच्या तीन साड्या परत आल्या आणि तिन्हींची तक्रार एकच होती: फोटोत मोरपंखी दिसली, हातात आली ती हिरवी. साडीत खोट नव्हती, फोनही चांगला होता. पण छताला पिवळा बल्ब, भिंतीवर पांढरी ट्यूब आणि खिडकीतून उतरत्या उन्हाचा उजेड, असा तीन रंगांचा प्रकाश एकाच पदरावर पडत होता. अशा सरमिसळीत फोनला खरा रंग सापडत नाही. मग आम्ही दोघींनी घरातला एक कोपरा फोटोसाठी लावला. खर्च आला एकवीसशे रुपयांच्या आसपास. घरून दागिने, मसाले, कपडे विकणाऱ्या कुणालाही तो हिशोब कामी यावा, म्हणून इथे मांडते. भाव दुकानागणिक थोडे पुढेमागे होतील.

पहिले पैसे दिव्यावर घालू नका. सावली मऊ पडते ती दिव्याच्या वॅटमुळे नाही, प्रकाश किती मोठ्या पृष्ठभागावरून येतो त्यावर ते ठरतं. उघड्या बल्बची सावली काळी, धारदार. तोच बल्ब चार फुटी पांढऱ्या कापडामागे लावला की सावलीची कड विरघळते. हे कापड ताणून धरायची चौकट बहुतेक घरांत असतेच: कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड. त्यावर तीन मीटर पांढरी मलमल (साधारण २५० रुपये) चिमट्यांनी अडकवा. विरुद्ध बाजूने उजेड परतवायला सनबोर्डाचा दोन बाय तीन फुटी तुकडा, सुमारे १७० रुपये. तळाला आणि मागे वळवून लावायला पांढऱ्या, राखी, काळ्या कार्डशीट, तिन्ही मिळून ९० रुपये. साडीला कार्डशीट पुरत नाही, तिथे इस्त्री केलेली पांढरी चादर घ्या. फोन हलू नये म्हणून पाचशे रुपयांचा ट्रायपॉड घ्याच, यात काटकसर नको. झाले हजार-अकराशे.

खिडकी चांगली असेल तर एवढ्यावरही महिनोन्‌महिने काम भागतं. उत्तरेची खिडकी उत्तम म्हणतात, ते आपल्याकडे वर्षभर खरं नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने उन्हाळ्यात सूर्य काही आठवडे भर दुपारीही आपल्या उत्तरेला असतो. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. तेव्हा त्या खिडकीतून थेट ऊन येतं, तिलाही मलमल लावावी लागते. आणि पावसाळी दुपारी तर कुठलीच खिडकी भरवशाची नसते. राखी-गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या त्याच दिवसांत येतात, त्यासाठी दिवे हवेत.

आम्ही घेतल्या चार फुटी, वीस वॅटच्या दोन एलईडी बॅटन, प्रत्येकी २७५ रुपये. वायर आणि थ्री-पिन इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली, त्याचे दोनशे. चांगला एक्स्टेंशन बोर्ड ३५० रुपयांचा. बॅटन स्टँडच्या मागच्या दांड्यांना सुतळीने उभ्या बांधल्या, पुढे मलमल. दिवा जवळ आणा: अंतर दोन फुटांवरून चार फुटांवर गेलं की उजेड झपाट्याने घटतो, त्यामुळे जास्त वॅटच्या महाग दिव्याचं काम दिवा दोन पावलं पुढे सरकवून स्वस्तात होतं. जुना हॅलोजन मात्र कापडामागे कधीही लावू नका, तो पेट घेईल इतका तापतो.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. तिथे खोक्यावर तीन गोष्टी वाचा. दोन्ही दिव्यांचा रंग एकच हवा, ६५०० केल्विन तर दोन्ही ६५००. बीआयएसची खूण हवी. आणि सीआरआय, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर मिळाला तर शे-दोनशे रुपये जास्त द्या. साधे दिवे ८० च्या आसपास असतात, त्यांत कुंकवासारखा लाल हमखास मरतो. दुकानातच दिवा लावून फोनवर स्लो-मोशन चित्रण करा. उजेड लपलपताना दिसला किंवा पडद्यावर काळे पट्टे सरकले, तर तो दिवा परत ठेवा.

फोटो काढताना घरातले बाकीचे सगळे दिवे बंद. पिस्ता रंगाची भिंत जवळ असेल तर ती साडीवर हिरवट झाक टाकते, तिच्यावर चादर टाका. फोनच्या प्रो मोडमध्ये पांढऱ्या कागदाकडे बघून व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि मग हलवू नका. जरीला प्रकाश समोरून नको, एका बाजूने तिरका द्या, म्हणजे विणीचा उठाव दिसतो. तांब्या-पितळेचं वेगळं. ते आरशासारखं समोर असेल ते दाखवतं, म्हणून त्याच्याभोवती पांढरं उभं करा आणि कडेला काळ्या कार्डशीटची पट्टी ठेवा. त्या काळ्या रेघेमुळेच लोट्याचा गोलावा फोटोत उतरतो.

रिंग लाइट या कामासाठी घेऊ नका. भांड्यावर पांढरं कडं उमटतं आणि कापडाची वीण सपाट होते. घडीची लहान प्रकाशपेटी चार-सहाशेला मिळते, ती कानातल्यांपुरती ठीक. माणसाला साडी नेसवून फोटो काढायचे असतील तर मोठा सॉफ्टबॉक्स लागतो, जोडीचा संच तीन-चार हजारांना पडतो. त्यात होल्डर बहुधा पेचाचा, ई-२७, असतो. आपल्या घरचे बल्ब खटक्याचे, बी-२२. तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा. संचाचे स्टँड हलके असतात, पायाला पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधा.

ऑनलाइन घेताना ‘३०० वॅट इतका उजेड’ अशा ओळीला भुलू नका, प्रत्यक्ष वॅट आणि ल्युमेन पाहा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पक्कं बिल घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

विजेची काळजी नको. दोन्ही बॅटन रोज दोन तास लावल्या तरी महिन्याला २.४ युनिट होतात.