सहा गठ्ठे आणि सरकारी काम

आपल्यापैकी बहुतेकांचे गावाकडच्या तलाठी, तहसील किंवा नगरपालिका कार्यालयात काही ना काही काम अडलेले असते. वारसनोंद रखडली की जमिनीवरचे कर्ज रखडते, विक्री रखडते. अल ऐनहून रजा घेऊन जावे तर उत्तर मिळते, "माणसे कमी, निधी नाही." खर्च न वाढवता कार्यालय सुधारते का, हे पाहू.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणी, अभिलेख आणि कामाची पद्धत नव्याने बसवली. 'लखीना पॅटर्न' तो हाच. पुढे २०१७ मध्ये विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात 'झिरो पेंडन्सी' मोहीम राबवली.

महसूल कार्यालयांतील सहा गठ्ठा पद्धत अशी :
१) कार्यवाहीतील प्रकरणे
२) इतरांच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे
३) नियतकालिके
४) स्थायी आदेश
५) अभिलेखकक्षात पाठवायचे कागद
६) नष्ट करायचे 'ड' कागद

यासाठी सुतळी, फडके आणि शिस्त एवढेच लागते. खरा फायदा मोजमापाचा आहे. लिपिकाची दिरंगाई पहिल्या गठ्ठ्यात दिसते; दुसऱ्यातील विलंब बऱ्याच अंशी दुसऱ्या टेबलाचा असतो. दोन्ही एकत्र मोजले तर कामसू माणूस उगाच बदनाम होतो.

मात्र 'किती निकाली काढली' एवढेच विचारले, तर सोपी प्रकरणे आधी उरकली जातात, आणि अवघड अर्ज त्रुटी काढून परत जातात. आकडा चांगला दिसतो, काम होत नाही. म्हणून माझ्या मते दर आठवड्याला साहेबांनी एकच प्रश्न विचारावा : सर्वांत जुना कागद किती दिवसांचा, आणि तो का थांबला?

कायदाही पाठीशी आहे. २००५च्या विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कर्मचाऱ्याने सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रकरण अडवू नये. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत आहे. सबळ कारणाशिवाय कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

सभासदांनी एवढे करावे : अर्जाची पोच व क्रमांक जपून ठेवावा, सेवेची मुदत लिहून ठेवावी, आणि मुदत उलटल्यास तीस दिवसांत पहिले अपील करावे. विचारताना "काम कधी होईल?" असे न विचारता "कागद कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे?" असे विचारावे. या प्रश्नाला मोघम उत्तर देणे अवघड जाते.