‘कॅडेट’ शब्दाची कुळकथा

सकाळच्या पी.टी.पासून रात्रीच्या हजेरीपर्यंत ‘कॅडेट’ हा शब्द आपल्या कानावर किती वेळा पडतो, याची मोजदाद नाही. हा शब्द आला कुठून, हे मी शोधून पाहिले.

मूळ लॅटिन शब्द ‘कापुत’, म्हणजे डोके. त्याचे लघुरूप ‘कापितेल्लुम’, म्हणजे लहान डोके. फ्रान्सच्या नैऋत्येला गास्कनी प्रांत आहे. तिथल्या बोलीत लॅटिन शब्दाच्या शेवटचा ‘ल्ल’ जाऊन ‘त’ येतो. ‘कास्तेल्लुम’ (किल्ला) याचे तिथे ‘कास्तेत’ झाले. त्याच नियमाने ‘कापितेल्लुम’चे ‘कापदेत’ झाले. अर्थ होता नायक, छोटा सरदार.

पुढे गंमत झाली. गास्कनीहून फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात येणारे हे नायक बहुधा सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे असत. वडिलोपार्जित जहागीर थोरल्याकडे जाई. धाकट्याला तलवारीच्या बळावर नाव कमवावे लागे. त्यामुळे फ्रेंचमध्ये ‘कादे’ म्हणजेच धाकटा असा अर्थ रूढ झाला. आजही फ्रेंच माणूस धाकट्या भावाला ‘कादे’ म्हणतो. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. आधी अर्थ ‘धाकटा मुलगा’, मग ‘अधिकारी होण्यासाठी सैन्यात शिकणारा तरुण’.

‘कॅप्टन’ हा शब्दही त्याच ‘कापुत’पासून आला आहे. म्हणजे कॅडेट आणि कॅप्टन हे एकाच कुळातले, सख्खे नसले तरी चुलत भाऊ! ‘चीफ’ आणि ‘कॅपिटल’ हेही त्याच घरचे.

मराठीत एन.सी.सी.ला आपण राष्ट्रीय छात्रसेना म्हणतो. ‘छात्र’ हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात ‘छत्र’ शब्दापासून साधला आहे. गुरूचे दोष छत्रीसारखे झाकतो तो छात्र, असे टीकाकार सांगतात. एका शब्दात डोके, तर दुसऱ्यात डोक्यावरचे छत्र!

यंदा सहावीत आलेल्या माझ्या छोट्या मित्रांना एवढेच सांगेन: कोणी तुम्हाला ‘नुसता कॅडेट’ म्हणून हिणवले, तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याला वारशात काही मिळाले नाही आणि ज्याने सगळे स्वतः कमावले, त्याचे हे नाव आहे. आणि आम्हा सीनियर्सनीही ध्यानात ठेवावे, की धाकटेपणा हा या शब्दाचा अर्थच आहे, दोष नव्हे.

आता पुढचा शब्द तुम्ही शोधा: ‘सोल्जर’. सुरुवात पगारापासून करा!