पांढरीवरून पुण्याला

इनामगावच्या शिवाराला लागून आमची वस्ती. तालुका शिरूर, पण रेल्वे आणि मामाचं घर दौंडला. त्यामुळे दोन्ही तालुके आपलेच वाटतात. २०१८च्या जुलैत मी पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. करायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पदवीनंतर शिकायला बाहेर पडलेली घरातली मी पहिली. पोचवायला आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही आले होते. तेव्हापासून जे उमजत गेलं, ते आठवेल त्या क्रमाने लिहिते आहे.

१. घरच्या पैशाला हंगाम असतो, हे फी भरायची वेळ आली तेव्हा कळलं. उसाच्या घरात वाढले, पण पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात संपतो याचा विचार कधी केला नव्हता. कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतं. बिल हप्त्याहप्त्याने पडतं. जुलै उजाडेपर्यंत सोसायटीचं कर्ज फिटून उरलेलं खरिपाच्या बी-खतात गेलेलं असतं, आणि कॉलेजांचे प्रवेश नेमके तेव्हाच सुरू होतात. दादांनी चाळीतला कांदा काढला. उन्हाळी कांदा चाळीत ठेवतात तो पुढे भाव चढेल या आशेवर, श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबायच्या तयारीने. दादांनी तो आषाढातच चाकणच्या बाजाराला नेला. खोलीचं डिपॉझिट दुधाच्या पगारातून निघालं. डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो, तेवढाच आमच्या घरात नेमाने येणारा पैसा. शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता, पण ती रक्कम खात्यावर पडते वर्ष बरंच सरल्यावर, आणि तोवर कुणाला तरी कळ काढावी लागते. ती दादांनी काढली. शेतकऱ्याच्या पोरीला शिकायला पैसा लागतो हे सगळे म्हणतात. तो जुलैत लागतो, हे फार थोडे म्हणतात. फीची तारीख ठरवणाऱ्यांनी एकदा तरी शेतीचं वेळापत्रक समोर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

२. जागा कशी बघायची, हे आईला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. वसतिगृहात खोली मिळेपर्यंत विश्रांतवाडीत कॉट बेसिसवर राहायचं ठरलं होतं. मी बघत होते कॉलेजपासूनचं अंतर, वायफाय आणि भाडं. आई प्रत्येक ठिकाणी आधी मोरीत जायची. नळ सोडून धार बघायची. पाणी किती वाजता येतं, टाकी केवढी आहे, मोटर कोण चालू करतं, हे विचारायची. मग संडासाची कडी आतून लावून बघायची. पिठाचा डबा जिथे ठेवायचा त्या भिंतीला पंजा टेकवून उभी राहायची, ओल आहे का ते कळायला. शेवटी जिन्यात जी बाई भेटेल तिच्याशी दोन शब्द बोलायची. बऱ्याच जागा तिने अशाच परत फिरवल्या. एका घरमालकांनी वैतागून विचारलं, "मुलीला ठेवायचंय का घर विकत घ्यायचंय?" आई शांतपणे म्हणाली, "ठेवायचंय, म्हणून तर विचारते."

आधी पाणी, मग धान्य ठेवायची जागा, मग शेजार. मला त्या दिवशी ऊन आणि भूक एवढंच जाणवत होतं. पुढे वर्गात जुन्या वस्त्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हेच विषय आले. माणसं इथे का राहिली, पाणी कुठून आणलं, धान्य कशात साठवलं, घराला घर कसं लागून होतं. वहीत उतरवून घेताना मला मोरीत वाकलेली आई दिसत होती.

३. दादा माणसांवर विसंबतात आणि ते बरोबर ठरतं. आई खोल्या बघत होती तेव्हा दादा इमारतीच्या वॉचमनपाशी बसून होते. तो निघाला पाटसकडचा. भीमा कारखान्यावरून बोलणं सुरू झालं, ते कुणाच्या बोअरला किती पाणी लागलं इथवर गेलं. उठताना दादांनी आपला नंबर एका कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवला. मला तेव्हा ते अवघड वाटलं होतं. सप्टेंबरात मला रात्री ताप भरला, तेव्हा रिक्षा त्या काकांनीच आणली आणि दादांना फोनही त्यांनीच केला.

४. पोचवायला आलेल्या आईबापांना थांबता येत नाही. मैत्रिणींचे आईवडील हॉटेलात राहिले, मुलींना शनिवारवाडा दाखवला, कपाट लावून दिलं. आमच्याकडे संध्याकाळची धार होती. त्यामुळे सामान वर चढवलं, छोटा हत्ती घेऊन आलेल्या चुलतभावाला चहा पाजला आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायची घाई झाली. आईने तेवढ्यात गादीखाली वर्तमानपत्रं अंथरली. दादांनी नव्या कुलपाच्या दोन किल्ल्यांतली एक मला दिली आणि दुसरी आपल्या मोटरसायकलच्या किल्लीत अडकवली. "हरवली तर असू दे एक." ऐंशी किलोमीटरवरच्या दाराची किल्ली घेऊन ते पुढे ऊस भरायला, डेअरीवर, सोसायटीत हिंडले. मी वसतिगृहात गेले, ते कुलूप बदललं, तरी ती किल्ली तिथून निघाली नाही.

५. नव्या शहरात पाय टेकायचे तर मधे एक टप्पा लागतो. माझा टप्पा दौंड होता. मामा रेल्वेत. आई आठवड्याचा डबा करून वडापच्या जीपने दौंडला धाडायची: बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कधी करडईच्या तेलातली वांगी. तो मामी ताब्यात घ्यायची आणि मामाच्या ओळखीचे एक पासवाले सकाळच्या डेमूने पुण्याला आणायचे. दौंड-पुणे रोज करणाऱ्यांचे डबे, जागा आणि पत्त्यांचे डाव वर्षानुवर्षं ठरलेले असतात. त्यांच्या घोळक्यात माझी पिशवी कधी हरवली नाही. पुणे स्टेशनच्या पुलाखाली ती माझ्या हातात पडायची, आणि पिशवीबरोबर दौंडचा पाऊस, भीमेचं पाणी, लेट झालेल्या गाड्या अशी सगळी खबरही. ते नोकरीला जाता जाता पोटच्या पोरीसारखी विचारपूस करायचे. आईवडिलांची मदत म्हणताना मी बराच काळ दोनच माणसं मोजत होते.

सुट्टीत त्याच डेमूने उलटी यायचे. उरुळी, यवत, खुटबाव, मग केडगाव. केडगाव आलं की मी बाहेर बघायचे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं; १९२२ साली त्या तिथेच वारल्या. रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. ही गोष्ट शाळेत नुसती पाठ केली होती. भाकरीची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन त्या स्टेशनात थांबल्यावर ती नीट कळली.

६. मी ज्या गावातून निघाले, तेच गाव मला अभ्यासाला लागलं. हे सगळ्यात मोठं आश्चर्य, म्हणून इथे जरा थांबते.

घोड नदीच्या काठची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं मी जन्मापासून पाहिलेली. तिथली माती लोक शेतात टाकायला नेत, खापरं पायाखाली यायची. पूर्वी पुण्याच्या साहेबांनी इथे खोदलं होतं, एवढं घरी ऐकलेलं. वर्गात कळलं की डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर अशी मोठी माणसं त्यात होती, आणि भारतातल्या ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचं एवढं सविस्तर चित्र फार कमी जागी मिळालं आहे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७००, नऊशे वर्षांची वस्ती. आधी मोठी चौकोनी घरं, बार्लीची शेती, नदीच्या पुराचं पाणी वळवायला काढलेला पाट. मग पाऊस उणावत गेला, शेती खचली आणि शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. कोलकात्याची, केरळची मुलं मला विचारायला लागली, तुझं घर तिथून किती लांब? इंग्रजीत बोलायचं म्हणून मी तोवर मागच्या बाकावर गप्प बसायचे. त्या तासाला मात्र उभी राहून बोलले. वाक्यं अडखळली, पण नदी कुठे वळते, पूर कुठवर चढतो, कोणती जमीन वाफशाला उशिरा येते, हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर आईदादा आले, तेव्हा त्यांना कॉलेज दाखवलं. दगडी इमारत, टिळक शिकत असताना राहायचे ती खोली, मग संग्रहालय. लाल मातीवर काळी नक्षी काढलेली, जोर्वे म्हणतात ती खापरं दादांनी हात मागे बांधून पाहिली. मी माझ्या पुस्तकातला घराचा नकाशा उघडून दाखवला: ही चूल, हे जमिनीतलं पेव, हे मातीचे गोल ओटे. दादांनी ओट्यांवर बोट ठेवलं. "हे कणगीचे. माझ्या आजीच्या घरात होते. कणगी जमिनीवर टेकवत नाहीत, ओल लागते, उंदीर लागतो." पुस्तकात तेच होतं. खोदणाऱ्यांनी आसपासच्या गावांतली घरं बघूनच ते ओळखलं होतं. ज्यांच्याकडून ते शिकले, त्यातल्याच कुणाचा तरी नातू माझ्या शेजारी उभा होता. माझ्या शिक्षणातलं दादांना काही कळणार नाही, हे मी प्रवेश घेतला तेव्हापासून धरून चालले होते.

आईने वेगळंच विचारलं. तान्ही मुलं गेली की ते लोक काय करायचे? मी सांगितलं: मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लांब नाही टाकलं. घरातच ठेवलं." या दफनांवर मी पुढे पुष्कळ वाचलं. आईचं वाक्य त्या सगळ्याच्या आधी आठवतं.

७. फोनवर "बरंय ना?" विचारून काहीही कळत नाही. मी इकडून बरंय म्हणायचे, ते तिकडून. तापाचं मी लपवलं असतं, वॉचमनकाकांमुळे ते फुटलं. त्यांनी लपवलेलं मला सुट्टीत कळलं. शेतीच्या पंपाची लाईट आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची असते. रात्रपाळीत दादा एकटे बॅटरी घेऊन दारं धरायला जात, आणि त्या हिवाळ्यात आमच्या उसात बिबट्या होता. शेजारच्या वस्तीवरून शेळी नेलेली. फोनवर यातला एक शब्द आला नाही. त्यानंतर मी विचारायला लागले, "या आठवड्यात लाईट कधीची?" रात्रीची म्हटलं की कळायचं. मग कोण बरोबर जातंय, कुत्रं आहे का, ऊस कधी तुटतोय, असं खरं बोलणं सुरू व्हायचं. त्यांनीही मला नेमकं विचारायला सुरुवात केली. जेवलीस का, याऐवजी आई विचारायची, आज काय जेवलीस? त्याला खोटं उत्तर देणं अवघड जातं.

८. मदत घेणाऱ्याला वाटतं ती आपल्यापाशी संपते. तसं होत नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीतल्या एका मुलीचा पुण्यात नर्सिंगला नंबर लागला. तिचे वडील कधी पुण्यात राहिलेले नाहीत. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि दादांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रवेशाचं पत्र हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. पावती मागा. शिष्यवृत्तीच्या भरवशावर पहिला हप्ता ठेवू नका. सकाळी लवकर निघा, वाघोलीत ट्रॅफिक फार. तेवढ्यात आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, पोरीच्या आईलाही न्या बरोबर, नळ तीच बघेल. मग दादांनी मला फोन लावला, कॉटचा आत्ताचा भाव विचारायला. मी पुण्यातल्या मैत्रिणींकडून चौकशी करून सांगितला. तो ऐकून दोघंही जरा गप्प झाले, आणि मग दादा त्यांना विचारताना ऐकू आलं, "चाळीत कांदा किती आहे तुमच्या?"