कोलॅजेन : कातडीतला तीन पेडांचा दोर

शिक्षक मित्रांनो, आपल्या शरीरातल्या प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजेनचा. त्वचा ताठ, तुकतुकीत राहते ती त्याच्यामुळं. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी त्याची रचना मांडली: एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. वर्गात सुतळीचे तीन पेड वळून दाखवा, पोरं लगेच समजतात.

हा पीळ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते फार दिवस मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. त्यालाच स्कर्व्ही म्हणतात.

पालकहो, कोलॅजेनची महागडी पावडरही पोटात इतर प्रथिनांसारखीच पचते. मग वरण, आवळा, पेरू काय वाईट? लिंबू मात्र ताटात वाढल्यावर पिळा, शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं. आणि आपलं वाशिमचं ऊन! उन्हानं कोलॅजेन लवकर झिजतं. आसेगावात शेतावर जाताना डोक्याला दुपट्टा बांधतात, तो पोरांनाही बांधा.